सदतीस पट्ट्या

महूच्या बंगल्यात, मागच्या पडवीत,
मच्छरदाणीखाली ठेवलं होतं ते.
मला वाटलं, कुणी आजारी झोपलंय.
ऑब्री सरांनी जाळी वर केली, आणि
सदतीस पट्ट्या, फिक्या सोनेरी,
खाली नळ्या, लांबीला उतरत गेलेल्या.
"पेटी वाजवतेस ना?" ते हिंदीत म्हणाले,
"मग आधी बोटं विसर."

मी एकेचाळीसची. वीज मंडळात, पोलो ग्राउंडला,
थकबाकीच्या टेबलावर.
दर शनिवारी महूची बस,
पिशवीत त्यांच्यासाठी पाव किलो लसणाची शेव.
पुणतांबेकर त्यांना कधी जमलं नाही.
मिस पी म्हणायचे.

एका हातात दोन काठ्या, दुसऱ्यात दोन,
टोकांना लोकरीचे गोंडे.
बेचक्यात फोड आले, फुटले, घट्टे झाले.
ऑफिसात पेन धरलं की अंगठा आपोआप फाकायचा.
शेजारचे उज्जैनकर चष्म्यावरून बघत:
"ताई, एकदा डॉक्टरला दाखवा."

टाळी तर तीन महिने चुकत होती.
मी समेवर द्यायचे.
लहानपणी मांडीवर थाप देऊन शिकवलेली सम,
ती हाडात असते, काढणार कशी?
सर मान हलवायचे: "दुसरीवर. चौथीवर.
तुम्ही लोक जिथे पोचता ना, मिस पी,
तिथे आम्ही नुसता श्वास घेतो."
बसमध्ये मी खिडकीच्या गजावर
दोन, चार, दोन, चार.
राऊच्या फाटकाशी एकदा जमलं,
आणि फाटक उघडताच गेलं.

मग पाय.
खाली पट्टी दाबली की सूर मोकळा,
सोडली की मेला.
"हात कुणीही मारेल," सर म्हणाले,
"वाजवणारा कळतो तो पायावरून.
थांबवायचं कधी, हे ज्याला कळलं..."
आणि वाक्य तसंच सोडून शेव खायला लागले.

नळ्यांच्या तोंडाशी चकत्या फिरतात,
मोटर त्यांना फिरवते, म्हणून सूर असा हेलकावतो.
मोटरचा पट्टा तुटला पावसाळ्यात.
राजवाड्यामागच्या शिलाई मशीनवाल्यानं
मोजून, कापून, नवा जोडून दिला.
"कौनसी मशीन है दीदी? उषा?"
मी हो म्हटलं.

साउथ तुकोगंजातला हॉल. साठ खुर्च्या, चाळीस माणसं.
ड्रमवर तौफीक, एरवी लग्नाच्या बँडमधला,
त्या दिवशी पहिल्यांदा बिनझालरीच्या शर्टात.
बासवर खांडवेकरांचा शिरीष.
तिसऱ्या गाण्यात माझी पाळी आली
आणि लाइट गेली.

मागून कुणीतरी ओरडलं,
"मॅडम, बिल भरा!"
हशा पिकला. आवाज उज्जैनकरांचाच.

मोटर मंदावली. सूर आधी डुलत होता,
मग लंगडला,
मग सरळ उभा राहिला, नुसता,
त्याला इतकं उघडं मी कधी ऐकलं नव्हतं.
पेटीवर अंधारात बोटं चाचपतात.
इथे पट्टीला हात लावायचा नसतो,
अंतर दिसावं लागतं, आणि दिसत तर काहीच नव्हतं.
तौफीकनं ब्रश थाळीवर फिरवत ठेवले.
शिरीष चालत राहिला, अंधारातला पाहऱ्यावाला जसा.
मी एक पट्टी मारली, अंदाजानं.
चुकली. शेजारची लागली.
पाय दाबून धरला. तिला जाऊ दिलं,
खुर्च्यांवरून, पंख्यांच्या थांबलेल्या पात्यांवरून,
अगदी बारीक होईपर्यंत.
मग तिच्याच बाजूची. मग अजून एक.
इतकं थोडं मी आयुष्यात वाजवलं नाही.
किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

लाइट आली तेव्हा पट्टा फिरायला लागला
आणि सगळं पुन्हा गोड झालं.

सर पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून.
टाळ्या संपल्यावर म्हणाले,
"शेवटी पाय उशिरा उचललास."

सोमवारी मी तक्रार कक्षात जाऊन रजिस्टर उघडलं.
साउथ तुकोगंज. सात चाळीस ते सात बावन्न.
कारण: तारेवर फांदी.
खाली पेन्सिलीनं लिहिलं,
सूर चालू होता.
मग खोडलं.