ऐंशी सेकंद

खालून घंटा वाजते. मी ओळीवर बोट ठेवते,
दुसऱ्या हाताने दांडा ओढते.
वालपराईसोच्या या टेकडीवरून एक डबा खाली निघतो,
एक वर येतो, अर्ध्या वाटेत एकमेकांना ओलांडतात,
आणि पुढची ऐंशी सेकंदं
कुणालाच माझी गरज नसते.
तेवढ्यात दीड पान होतं.
लेखक पाल्हाळिक असेल तर तीन.

ओरिएत्ता, तू विचारलंस म्हणून सांगते.

मिठागरवाल्या घराण्याची ती जाडजूड कादंबरी
आजच्या शेवटच्या डब्यातून परत पाठवतेय.
चार पिढ्या, अकरा मृत्यू,
आणि एकालाही कधी भूक लागत नाही.
प्रकरण संपलं की कुणीतरी उठून समुद्राकडे बघतं.
समुद्र माझ्याही खिडकीत आहे, बाई.
मी त्याच्याकडे बघते तेव्हा
दोरीवरचे कपडे काढायचे राहिलेत, एवढंच आठवतं.

बर्फातल्या खुनाची कादंबरी बरी होती.
खुनी कोण, ते मला चाळिसाव्या पानावर कळलं.
त्याचं काही नाही.
लेखकाला तीनशेपर्यंत कळलं नाही, त्याचं वाईट वाटलं.

बंदरावर राबलेल्या बापाची चित्रकादंबरी:
रंग फार. दुःख आलं की निळा,
आठवण आली की पिवळा,
जणू मला चेहरे वाचताच येत नाहीत.
शिवाय ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय.
मरताना बाप काय बोलला, एवढंच सांगायचंय,
आणि माणूस दीडशे पानं नुसत्या बोटी काढत बसलाय.
बोटी मात्र सुरेख. दोरखंडाचा पीळसुद्धा खरा.

आणि ती दुसरी, एकही शब्द नसलेली,
वेल्डिंग करणाऱ्या बाईची,
जी तू दिलीस तेव्हा मी नाक मुरडलं होतं.
दहा मिनिटांत संपली. फसवलंस असं वाटलं.
मग मंगळवारी धुकं आलं, डबे थांबले,
दुसरं काही नव्हतं म्हणून पुन्हा उघडली.
पान एकतीस. नऊ चौकटी.
तेच स्वयंपाकघर, तोच नळ, तेच टेबल,
सातव्या चौकटीत दुसरा कप नाही.
आठवीत ती टेबल पुसते.
नववीतही पुसते.
जो गेला तो दोन चौकटींमधल्या
त्या पांढऱ्या पट्टीतून गेला,
आणि मी पहिल्या वेळी ती पट्टी
कागद समजून ओलांडली होती.
ही मी परत देणार नाही. पैसे सांग.

आता तुझ्याशी भांडण.
नावाड्याच्या बायकोची ती बारीकशी कादंबरी,
जिची शेवटची सहा पानं नाहीत,
ती तू मला का दिलीस?
ती बाई घर सोडून धक्क्यावर उभी आहे
आणि तिथेच शिलाई सुटलेली.
तू म्हणतेस, दुसरी प्रत कुठेच नाही.
मग मी वर येणाऱ्यांनाच विचारत सुटले.
गॅसची टाकी खांद्यावर घेतलेले दोन रोसामेल म्हणाले,
पुस्तकातल्या बायका परत येतात. त्यांच्या घरच्यासारख्या नसतात.
भूमितीच्या शिक्षिका म्हणाल्या, बुडाली असेल,
बारीक पुस्तकांत बुडतातच.
शाळेतून येणाऱ्या एलिसेओने
तिकिटाच्या मागे चार चौकटी काढल्या:
चूल. चुलीवर किटली. किटलीतून वाफ. चूल.

मी म्हटलं, बाई कुठेय यात?
तो म्हणाला, मग पाणी कुणी ठेवलं?

मला हे पटलेलं नाही.
पाणी नावाडीही ठेवू शकतो, कोणीही ठेवू शकतं.
शिवाय किटलीचा कान तिसऱ्या चौकटीत उलट्या बाजूला गेलाय,
आणि ते मी त्याला सांगितलं.
तो म्हणाला, कुणीतरी उचलून पुन्हा ठेवली असेल.
तेव्हा खालून घंटा झाली, बरं झालं.

पुढचं पाठव. जाड चालेल,
पण पहिल्याच पानावर वंशावळ असेल तर नको.
नावाड्याचं पुस्तक याच फेरीत खाली येतंय.
तिकीट शेवटी खोचलंय.
कुणी विकत नेलं तरी
ते काढून घेऊ नकोस.