अकराशे ऐंशी

मी बेदाणा भरते.
तासगावात, कोल्ड स्टोरेजच्या मागच्या शेडात,
अर्ध्या किलोची पाकिटं, दिवसाला चारशे.
सहा वर्षांत हात इतका बसलाय
की काटा नुसता साक्षीला.
फरक पडलाच तर एखाद्या मण्याचा.

सातव्यात पाय सुजले.
आत्ती म्हणाल्या, पहिलटकरणीचे सुजतातच,
जोडव्यांना खोबरेल लावून बघ.
जोडवी निघाली नाहीत.
तोंड सुजलं, तर शेजारीण म्हणाली तेज आलंय,
मुलगीच बघ.
डोकं दुखायचं ते उन्हानं,
डोळ्यांपुढं काजवे यायचे ते अशक्तपणानं.
सगळ्यांकडं सगळ्याचं उत्तर होतं.
ओटीभरणाची साडी कपाटात,
फॉल लावायचा राहिला होता तेवढा.

आशाताईनं दंडाला पट्टा बांधला,
फुगा दाबला, सोडला, पुन्हा दाबला.
मशीन बिघडलंय म्हणाली
आणि स्वतःच्या दंडाला लावून बघितलं.
मशीन बरं होतं.

एकशे आठच्या गाडीत डाव्या कुशीवर.
खिडकीचा वरचा भागच दिसायचा,
कवलापूर, बुधगाव, माधवनगर
मी नुसत्या तारांवरून ओळखत गेले.
बजरंग माझे पाय धरून बसलेला,
यार्डात हळदीचं पोतं कलू नये म्हणून धरतो तसा.

मिरजेत माझ्यावर कुणी ओरडलं नाही.
त्याचीच जास्त भीती वाटली.
शिरेतनं औषध गेलं आणि अंगात भट्टी पेटली.
तसंच होतं, एस्तेर सिस्टर म्हणाल्या, होऊ दे.
एक इंजेक्शन बाळाच्या फुप्फुसांसाठी.
त्याला फुप्फुसं असतील हे तेव्हा डोक्यात आलं,
तोवर मी फक्त नाक कुणाचं येईल
एवढ्यातच अडकलेली.
सुजलेल्या हातातल्या बांगड्या वाढवल्या.
फोडल्या म्हणायचं नसतं.
बजरंगनं चार कागदांवर सह्या केल्या,
पाचव्यावर स्वतःचंच नाव चुकला.

बाळ काढलं ते मला कळलं
कारण सगळे गप्प झाले.
हिरव्या कापडापलीकडं कुणीतरी आकडे मोजत होतं,
एक, दोन, तीन, आणि पुन्हा एक.
मग आवाज आला. रडणं नव्हे,
कडी लागते तेवढाच.

अकराशे ऐंशी, कुणीतरी म्हणालं.
दोन पाकिटं आणि एक ओंजळ.
मी विचारलं, कापडासकट का?
हसले सगळे.
मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

चौथ्या दिवशी खुर्चीवरून नेलं मला, काचेपर्यंत.
पायाला चिठ्ठी : बेबी ऑफ वैजयंता.
तिच्या अंगावर माझं नाव होतं,
बाकी नळ्या होत्या.
दूध लागायचं दोन मिली, तेही उतरेना.
शेजारच्या पेटीवाली शमशाद म्हणाली,
भिंतीकडं बघून येत नाही गं,
तिच्याकडं बघत काढ.
तिनं आपली वाटी दिली.

सोमवारी शमशादची पेटी होती.
मंगळवारीही पेटी होती,
आतनं पुसून ठेवलेली.
वाटी माझ्याकडंच राहिली.
मी ती घासते, उकळते, पालथी घालते,
पत्ता विचारायचं
रोज उद्यावर ढकलते.

रात्री जंक्शनवर गाड्यांची नावं पुकारायचे,
मी झोपेत वजनं पुकारायची :
अकराशे दहा. अकराशे पाच. अकराशे तीस.

चौदाव्या दिवशी सिस्टरनी माझी बटणं काढली
आणि तिला छातीवर ठेवलं, बेडकीसारखी, उपडी.
हात आपोआप खाली गेला, तोलायला लागला.
साडेतेराशे, मी म्हणाले.
सिस्टरनी काट्यावर घातली.
बाराशे दहा.

इतका फरक सहा वर्षांत कधी पडला नव्हता,
मालकानं रोजगार कापला असता.
द्या इकडं, म्हटलं, पुन्हा बघते.
पुन्हा घेतली.
हात ऐकेना.