रकाना सात

मूल्यांकनाची समिती गुरुवारी येणार,
म्हणून प्लेसमेंट सेलचं कुलूप आज रविवारी उघडलंय.
मी, एक टेबलफॅन, आणि दोन हजार अकराची बॅच.
अठ्ठावन्न नावं.
रकाना सात : सध्या काय करता.
नियम साधा आहे. तीनदा फोन लावायचा,
नाहीच उचलला तर लिहायचं 'संपर्क नाही'.

अभिनंदन चौगुले पहिल्या रिंगला सापडतो.
मागं शिरोलीच्या फाउंड्रीची धडधड.
"डायरेक्टर लिवा की मॅडम!" ओरडून हसतो,
मग बाहेर येऊन, आवाज उतरवून,
"चाव्या माझ्याकडं दिल्यात अण्णांनी.
चेकवर सही अजून त्यांचीच लागती."
मी डायरेक्टर लिहिते.

रणधीर इंगवले.
माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर तीन वर्षं हाच होता,
निळा टाय, गुडगाव, त्या सालातलं सगळ्यात मोठं पॅकेज.
आता गंगावेशीत दूध कट्ट्यावर त्याच्या चार म्हशी.
"पगार काय टाकू?"
"फॅट बघून टाका."
बायको तिकडंच आहे, नोकरी चांगली आहे तिची.
रात्री नऊला तो मोबाइल म्हशीपुढं धरतो,
लेक तिकडून धारा मोजते,
मोजता मोजता झोपते.
हे त्यानं सांगितलं नसतं,
मी फोन ठेवायला उशीर केला म्हणून सांगितलं.

तबस्सुम मुजावर म्हणाली, गृहिणी लिही.
लिहिणार तोवर विचारते, जीएसटीची तारीख वाढली का गं?
सुभाष रोडचं चपलांचं दुकान नवऱ्याच्या नावावर,
कातड्याची खरेदी, कारागिरांचे हप्ते, उधारीची वही
हिच्या हातात.
"पगार किती देतात?"
"थांब, विचारून सांगते," म्हणाली,
आणि आम्ही दोघी इतक्या हसलो
की शिपाई दारातून डोकावून गेला.

दीपज्योती कांबळे, बँक, झारसुगुडा.
हे गाव नकाशात कुठं येतं ते मी आधी शोधलं.
मुलगी कागलला, मावशीकडं, दुसरीत.
"बाकी छान आहे," म्हणाली.
"परवा फोनवर ती मला 'तुम्ही' म्हणाली."
रेंज गेली असावी.
मी पुन्हा लावला नाही.
तिचा रकाना भरलेला होता.

असं करत दुपारचे तीन वाजले.
ओळ एकेचाळीस.
नाव ओळखीचं. गुण ओळखीचे, बॅचमध्ये दुसरी.
पहिली नोकरी हडपसर, सोडल्याचं कारण कुणी विचारलेलं नाही.
त्यानंतर अकरा-अकरा महिन्यांचे करार,
याच खुर्चीवर, मध्ये एकेक दिवसाचा खंड,
त्या दिवशी मी पडदे धुते.

नियम म्हणजे नियम.
लँडलाइनवरून माझाच नंबर फिरवला.
पर्समध्ये फोन थरथरला, डब्याला लागून खणखणला.
उचलला नाही.
एकदा.
दुसऱ्यांदा लावला तेव्हा मोजलं, मी सोळा रिंगा वाजते.

तिसऱ्यांदा आकडे दाबायच्या आत तोच वाजला.
आर्यमान, घरून.
"आई, कुठंयस? पप्पांची गाडी पाचची हाय.
आठवड्यातनं एक दिवस येतात न् तू कॉलेजात."
मागून ह्यांचा आवाज, राहू दे, नको बोलू,
चाकणचा माणूस, आवाजही बॅगेत घडी करून भरतो.
"डबा कसा भरू विचारतायत."

खिडकीतून दिसतं, पार्किंगमध्ये
यंदाच्या बॅचची चार पोरं दुचाकीच्या आरशात बघून
टायची गाठ मारायला शिकतायत.
एकाची सारखी सुटते.

पांढरा रस्सा किटलीत घाल, सांगते,
सुकं वेगळ्या डब्यात. भाकरी फडक्यात.
आणि झाकणाखाली प्लॅस्टिक लाव दुहेरी,
पेठनाक्याच्या वळणावर
सांडतो तो दर वेळी.