पाठवणी, सात दहा

दांडिया बाजारातल्या तिच्या ऑफिसात
मी मांडवापासून मोगऱ्यापर्यंत घासाघीस केली.
फाल्गुनी अमीन हसत आकडे खोडत गेली.
कागदाच्या तळाशी होतं :
पाठवणी, सात दहा ते सात पंचवीस.

"रडायला पंधराच मिनिटं?"
"वीस लिहू, काका? जनरेटरवाला थांबेल."
"लिहा," म्हटलं.
त्याचे किती, ते विचारलं नाही.

मृण्मयी हसतच गाडीत बसली.
आत्याने डोळ्याला पदर लावेतो
गाडी सुरसागरच्या वळणाला.

सात सोळा.

पोरं खुर्च्या मिटू लागली.
फाल्गुनीने कानातली वायर काढली,
सकाळपासून पहिल्यांदा टेकली.
"जेवलीस का?"
हे तिच्या यादीत कुठेच नव्हतं.

मठ्ठा संपलेला. जिलब्या दोन.
आम्ही खात बसलो, न बोलता,
चौदा मिनिटं बाकी,
जनरेटर चालूच.