चौकातली मोजणी

सकाळी सहाला नगर पंचायतीचं निळं स्टूल
कृषी केंद्राच्या बंद शटरसमोर मांडलं.
मांडीवर तक्ता. चार रेघा उभ्या, पाचवी तिरपी.
दुचाकी, ऑटो, कार, ट्रक, ट्रॅक्टर,
मग बैलगाडी,
आणि उरलेल्या जगासाठी एक रकाना : इतर.

मॅडम म्हणाल्या होत्या,
बायपासचा प्रस्ताव आकड्यांवर उभा राहतो, डाखोरे,
गाऱ्हाण्यांवर नाही.
तक्त्यामागे गुणक छापलेत :
दुचाकी म्हणजे अर्धी कार,
ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार,
बैलगाडी एकटी आठ.
म्हणजे शालिकराम भोयरांचे दोन बैल
रोज आठ मोटारी ओढत चौकात येतात
आणि त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आठला शाळेचे ऑटो, दप्तरं बाहेर लोंबत.
नऊपासून जिनिंगकडे कापसाच्या ट्रॉल्या,
विजेच्या तारांना, पाटीला, माझ्या तक्त्यालाही पुंजके.
सव्वादहाला हार्डवेअरसमोर सळाखींचा ट्रक उतरतो
आणि वणीची एसटी
पुढे जाईना, मागे जाईना.
कंडक्टर खाली उतरून पत्रा बडवतो, येऊ द्या, येऊ द्या,
कुठं येऊ द्या ते त्यालाही माहीत नाही.
मागच्या सभेत बांधकाम सभापतींनी वन-वेचा ठराव मांडला होता.
पांडे मास्तर उठून म्हणाले,
गावात रस्ता एक. गेलेला माणूस
परत यायचा की नाही?
ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब.

या खोळंब्यात तिसऱ्यांदा शालिककाका.
बैलाचं तोंड एसटीच्या मागच्या काचेला.
मी विचारलं, काका, गाडी चौकातून काऊन आनता?
त्यांनी कासरा सैल सोडला.
"पांदणीनं जात होतो ना बापा, पस्तीस वर्सं.
पांदण कोठी गेली थे तुले मालूम."

मालूम आहे.
गट नंबर एकशे सतरा, चौसष्ट प्लॉट,
ट्रेसिंग पेपरवर जांभळा शिक्का.
जुन्या नकाशात एक तुटक रेघ ओढ्यापर्यंत जायची,
नव्यात तिथे बगीचा दाखवला होता.
कोपऱ्यात तपासल्याची बारीक सही
माझी.
आता चौसष्ट घरं, घरटी दोन दुचाक्या,
लेआऊटला तोंड एकच आणि तेही या रस्त्यावर.
सकाळपासून ओळखीचे लोकच मोजतोय.
तेवीस नंबरवरून माझी बायको गेली, पायडलवर मुलगा उभा.
हॉर्न वाजवला तिने.
अर्धी कार.

साडेपाचला फोन.
किती झाले?
मी बेरीज सांगितली. तिकडे कॅल्क्युलेटरची टकटक.
आठ कमी पडतात, डाखोरे. बघा, अजून अर्धा तास आहे.

बघत बसलो.
ऊन पाण्याच्या टाकीमागे गेलं,
भज्यांची कढई चढली.
शालिककाकांचा नातू आला सायकलवर, एकटा.
आबाजी?
जागलीले थांबले वावरात. डुकरं लई झाली.
सायकल : इतर.
पेन्सिल बैलगाडीच्या रकान्यावर टेकवली,
तिथे एक ठिपका उमटला,
तो रेघ झाला नाही. होऊ दिला नाही म्हणावं
तर तेवढं ठामही नव्हतं ते.

घरी गाडी स्टँडवर लावली, ती कलली.
फाटकाशी पेव्हर ब्लॉक दबलेत,
दोन सरळ पट्टे, मध्ये हातभर उंचवटा,
एका भिंतीखालून येतात,
शेजारच्या भिंतीखाली जातात.
तीनदा बसवून झाले.
मिस्त्री म्हणतो, भराव नीट बसला नाही साहेब,
उद्या ट्रॉलीभर मुरूम टाकून देतो.
टाक म्हटलं.
चौकातूनच येईल.
येताना साडेचार, जाताना साडेचार.