'हे' म्हणजे काय

तासगावात बेदाण्याचे सौदे बंद होते तेव्हा
मी स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला फोन टेकवून
एफवायबीएला मागणीचा नियम शिकवत होते.
"हे बघा," म्हणाले, "हे इथून असं खाली येतं."
चौतीस चौकोन, त्यातले तीस काळे.
एका काळ्यातून सन्मती बिरनाळे म्हणाला,
"मॅडम, 'हे' म्हणजे काय?
आणि 'असं' म्हणजे कसं?"

अकरा वर्षं शिकवतेय.
वर्गात होता तेव्हा शेजारचा प्रणित
त्याच्या तळहातावर बोटानं रेघ ओढायचा.
मी फळ्याकडं तोंड करून उभी.
नेमकं कोण शिकवतंय, मला माहीतच नव्हतं.

माझ्या नोट्स म्हणजे वहीच्या पानांचे फोटो.
त्याचा फोन त्या वाचून दाखवायचा: फोटो.
पुढचं पान: फोटो.
बावीस पानं त्यानं निमूट ऐकली होती.

मग रात्री भांडी आवरून टाईप करायला बसले.
सकाळी त्याचा निरोप:
"पान तीनवर मागणीची मागनी झालीय.
आमच्याकडं तसंच म्हणतात, पण पेपरात चालंल का?"

वक्रासाठी त्याच्या आईनं
थोरलीच्या लांबलेल्या लग्नाच्या पत्रिका काढल्या.
मागची कोरी बाजू, कणकेची खळ, सुतळी.
मी कॅमेऱ्यासमोर हात उतरवत नेला
माझ्या डावीकडून माझ्या उजवीकडं.
त्यांनी तस्साच चिकटवला.
सन्मतीनं बोट फिरवलं. थांबला.
"आई, हे चढतंय की!
भाव वाढला तर माल जास्त?
हा विकणाऱ्याचा झाला. घेणारा असा कुठं असतो?"
काळे चौकोन एकदम हसले.
माझी डावी म्हणजे त्यांची उजवी.
एवढं साधं.

अरमानबद्दल लिहायचं टाळत होते.
अरमान मुजावर, हजेरी क्रमांक एकोणीस.
दोनदा नाव घ्यायचे, मग गैरहजर.
तीन आठवडे.
तो तिथंच होता, रोज,
दहाला पाच कमी असताना येऊन बसलेला.
वर्गात पहिल्या बाकावरून ओठ वाचायचा,
आणि इथं मी डेटा वाचवायला कॅमेरा बंद ठेवून
जास्वंदीच्या फोटोमागून बोलत होते.
शेवटी त्यानं लिहिलं,
"मॅडम तोंड दिसत नाही"

कॅमेरा लावला तर रेंज ओठ कुरतडायची.
"मी लिहिते," दीक्षा वायदंडे म्हणाली,
सावळजच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरून.
रेंज तिथंच यायची, सातव्या पायरीला.
मी बोलेन ते ती लिहायची, अरमान वाचायचा,
आणि मी हळू बोलायला शिकले, कारण तिचे अंगठे.
कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती आवाजही लिहायची:
कुणाच्या तरी घरी कुकरची तिसरी शिट्टी.
मोर ओरडतोय, बहुतेक सन्मतीकडं.
मॅडमना सर्दी झालीय.
एकदा तिचा नेटपॅक संपला
तर वर्गानं ओळीओळीनं वाटून लिहिलं,
इतकं अशुद्ध की अरमान हसून लाल.
तिचं रिचार्ज मी केलं.
महिन्यानं तिनं पैसे आणून दिले, सगळे सुट्टे.

आता फळ्यावर रेघ ओढताना तोंडानंही ओढते:
"डावीकडं वरून निघाली, उजवीकडं उतरली."
नवी पोरं कुजबुजतात, "दिसतंय की."
दिसू दे.
हजेरी घेताना मान वर करते,
एकोणीसला जरा जास्त वेळ.

ती पत्रिका माझ्या खणात आहे.
सुतळीचं एक टोक सुटलंय, ते मी चिकटवत नाही.
आणि त्या वर्षीच्या शेवटच्या तासाचं
दीक्षानं लिहिलेलं सगळं जपून ठेवलंय.
त्यातल्या शेवटच्या ओळी:
मॅडम काहीतरी म्हणणार होत्या.
गप्प आहेत.
अजून गप्प आहेत.
मागं पंखा.