शून्य पूर्णांक आठ

काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत
रॉकेलात बुडवून आणला होता तिनं तो बुश.
काशाचा, मुठीएवढा, एका अंगानं भेगाळलेला.
चहाची पानं वळणाऱ्या यंत्राचा सांधा.
‘मेच्या आत हवा,’ मझेविनार म्हणाली,
‘कोंब काही माझ्यासाठी थांबायचे नाहीत.’

ज्या कारखान्यात तो ओतला
तिथे आता टायरांचं गोदाम आहे.
ज्या देशाचा शिक्का त्याच्या कडेवर आहे
तो देश मी जन्मायच्या आधीच नकाशावरून उतरला.
ड्रॉइंग मागायचं कुणाकडे?
झाउर म्हणतो, शिंपी जुना कोट उसवतो
आणि टाक्यांच्या भोकांवरून
बेतणाऱ्याचा हात ओळखतो, तसं कर.
उत्तर तुझ्या मुठीत आहे,
गणित तेवढं मागे मागे जात मांडायचं.

मी तिबिलिसीत शिकून कुताइसीला परतलेला.
माझ्यापाशी स्कॅनर.
पांढरी भुकटी फवारली, निळा उजेड फिरवला,
पडद्यावर चाळीस लाख ठिपके उतरले,
एकेक ठिपका खरा.
पण यंत्राच्या डोळ्याला कुठे कळतं
कोणता आकार दिलेला आणि कोणता झिजलेला;
तीस वर्षांची घासण
तो जन्मखूण म्हणून लिहून घेतो.

झाउर खिडकीशी बसला व्हर्नियर घेऊन.
मोजलं, पुसलं, पुन्हा मोजलं.
मग करंगळीचं नख भोकात आतून फिरवलं, सावकाश,
जसं कुणी झोपलेल्याच्या कानात काडी घालतंय.
‘भोक मधोमध नाही, बिचो.’
(बिचो म्हणजे पोरा. माझं नाव त्याला ठाऊक असावं.)
‘शून्य पूर्णांक आठ सरकलंय.’
झिजलंय, मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.
बोलायचं नसलं की तो चष्मा पुसतो.

मी भोक मधोमध आणलं.
भेगा बुजवल्या, खड्डे भरले,
पडद्यावर बुश असा गरगर फिरला
की कारखान्याला स्वतःचा हेवा वाटावा.

ओझुर्गेतीच्या उतारावर तो बसवला,
मझेविनारनं खटका दाबला,
आणि यंत्र लंगडू लागलं.
धप्. धप्. पत्र्याच्या छपराची धूळ पानांवर.
पानं वळेचनात, फाटू लागली,
परातीत हिरवा कोंडा.
तिनं चिमूट उचलून हुंगली, खाली टाकली,
मला एक अक्षर बोलली नाही.

झाउरनं खिशातून ओळंबा काढला.
तीन खांबांपैकी तिसरा उताराकडे कललेला,
नजरेला दिसणार नाही इतकाच.

‘वीज नव्हती त्या हिवाळ्यात जमीन सरकली,’
मझेविनारला आठवलं.
‘वार्लाम नावाचा फिटर होता.
पगार म्हणून चहाची पोती न्यायचा, विकायचा कुठेतरी.
मग ग्रीसला गेला, संत्री तोडायला.
पत्र? नाही, पत्र कधी आलं नाही.’

झाउरनं बरणीतला जुना बुश काढला,
अंगठ्यानं कडेची हिरवी खरपुडी खरवडली.
तीन ठिपके. पंचानं मारलेले, एका ओळीत:
ही बाजू उताराकडे.

स्कॅनरनं ते तिन्ही टिपले होते.
खड्डे समजून भरले होते मी.

रात्री लेथवर काशाची पिवळी कुरळी शीव
माझ्या बुटात शिरत राहिली.
भोक पुन्हा सरकवलं, मुद्दाम,
आणि ड्रॉइंगवर मापाखाली लिहिलं:
चूक नाही. सुधारू नये. खांब पाहा.

मग झाउरनं पंच माझ्या हातात दिला.
मी तीन ठिपके मारले.
मधला जरा वाकडा पडला.
तोही आता कुणीतरी मोजेल.